आईने बदलून घेतलेला चोक

हे घडले आहे. कल्पित वाचायचे असेल त्यांनी इथेच थांबावे. मला कुणाची करमणूक करायची नाही.

गेल्या जानेवारीतली सकाळ. सहकारनगरातल्या आमच्या इमारतीचे पार्किंग, खांबांना चिकटलेले धुके, आणि त्यात उभी माझ्या वडिलांची जुनी जर्मन गाडी.

वडील दिगंबरराव जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते.

मला त्यांचा राग होता. अजून आहे. मेलेल्या माणसावरचा राग फार एकाकी असतो; त्याच्यावर उलटून ओरडणारे कुणी नसते.

त्यांच्या हयातीत आईला या गाडीचे स्टिअरिंग कधी मिळाले नाही. ती शेजारच्या सीटवर बसे, पर्स मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखी. एकदा आईची धाकटी बहीण कुसुममावशी माझ्याबरोबर मागे बसली होती. ती वडिलांना म्हणाली, "ताईला नोकरी सोडायला लावलीत, निदान गाडी तरी शिकू द्या."

वडिलांनी गाडी थांबवली. सोलापूर रस्त्यावर, भर उन्हात. मागचे दार उघडून मावशीला उतरवले आणि आम्हाला घेऊन निघून आले.

मी लहान होते. मागच्या काचेत मावशी ठिपक्याएवढी होत गेली.

आईने मांडीवरची पर्स सरळ केली.

त्यानंतर मावशीचे नाव आमच्या घरात निघाले नाही. तिनेही सांगून ठेवले होते, हा माणूस माझ्या उंबऱ्याशी येता कामा नये.

आता मावशी लोणी काळभोरला अंथरुणाला खिळली होती. तिच्या सुनेचा, निशाचा, आईला फोन आला. "मावशी, यायचं असंल तर आत्ताच या. आमच्या आई वाट बघत्यात."

आई म्हणाली, "ज्या गाडीतून तिला उतरवलं, त्याच गाडीतून जाणार. मी चालवत."

"रिक्षाने जाऊ या ना."

"अस्मिता, तुझं मत मी विचारलेलं नाही."

वडील गेल्यावर आई क्लास लावून गाडी शिकली होती; तिच्याबरोबर मीही. अडचण होती ती चोकची. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागते. हवेची वाट अडवणारी झडप म्हणजे चोक. या गाडीत तो स्वयंचलित होता. स्प्रिंगला ऊब लागली की झडप आपोआप उघडत असे. पण स्प्रिंग थकली होती. झडप मिटलेलीच राही आणि गाडी चौकाचौकात गुदमरून बंद पडे.

"हाताने चालणारा चोक बसवू," आई म्हणाली. "कधी उघडायचं, कधी मिटायचं, ते यापुढे मी ठरवीन."

खडकीच्या सुदर्शन मेकॅनिकने ते काम केले. स्प्रिंगची गोल डबी काढली, झडपेला केबल जोडली आणि डॅशबोर्डखाली एक काळा नॉब बसवला. ओढला की झडप मिटणार, ढकलला की उघडणार.

डबी आईच्या हाती देताना तो थबकला.

"काकू, गाडी कालपासून बंदच आहे ना?"

"तुमच्याच दारात उभी आहे. मला काय विचारता?"

डबी... गरम होती.

मी हात लावून पाहिला. नुकत्याच भरलेल्या चहाच्या कपासारखी. आणि आत काहीतरी हलत होते. टक्... टक्...

"जुना पार्ट घरी नेणार?" सुदर्शनने विचारले.

"आपोआप तापणारं एक माणूस होतं घरात. पुरे झालं." आईने डबी त्याच्या भंगारात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आईने नॉब ओढला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. थोडे तापल्यावर तिने नॉब आत ढकलला. गाडी सुरेख चालत होती. हडपसर मागे पडेपर्यंत आईच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले काहीतरी होते. मोकळ्या रस्त्याचा उजेड म्हणा.

मग इंजिनाचा आवाज जड झाला.

मी खाली पाहिले. नॉब... बाहेर येत होता.

हळूहळू. सावकाश. जणू कुणाला घाई नाही.

आईने तो ढकलला. तो पुन्हा आला. पेट्रोलचा वास दाटला, मागे काळा धूर सुटला, गाडी आचके देऊ लागली.

"केबल नवी आहे, सरकत असेल," मी म्हणाले. "मी धरून ठेवते."

मी नॉबवर हात ठेवला.

माझ्या तळव्याखाली... आधीच कुणाची तरी बोटे होती.

थंड. रुंद. ओळखीची.

मी हात ओढून घेतला. इंजिन बंद पडले. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली. बाहेर ट्रक जात होते, पण त्यांचा आवाज आत येत नव्हता.

आईने स्टिअरिंग सोडले नाही. समोर पाहतच ती बोलली. इतक्या वर्षांचा राग त्या आवाजात होता, आणि तरीही तो चढला नाही.

"अहो, हात काढा तिथून."

काहीच हलले नाही.

"आयुष्यभर ठेवलात. आता काढा."

नॉब... आत गेला.

आणि मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी मागे जाऊन बसल्यासारखी.

आम्ही दोघींनी आरशात पाहिले नाही. लोणीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

निशा फाटकाशी उभी होती. तिने फाटक उघडले नाही.

"मावशी, आमच्या आईंनी खिडकीतनं गाडी बघितली. त्या म्हणत्यात, आधी त्यांना जायला सांगा."

"कुणाला?"

निशाने गाडीकडे बोट केले. "मागं बसलेत त्यांना."

आईने डोळे मिटले. मग तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गाडी घरी ने."

"मी? एकटी?"

"एकटी कुठे आहेस," आई म्हणाली आणि फाटकाकडे वळली.

निशाने कडी काढली.

परतीचा रस्ता मी कसा कापला ते सांगता येणार नाही. बोलायचे खूप होते मला त्या माणसाशी. सगळी वाक्ये दाताखाली दगडासारखी राहिली. फक्त प्रत्येक वळणावर... मागची सीट कुरकुरत होती.

मावशी अजून आहे. आई तिच्या उशाशी आहे. दोघी दिवसभर भांडतात, असे निशा सांगते.

मी फोनवर विचारले, "आई, परत कधी येतेस?"

"ते उतरले की."

काल दुपारी मी पार्किंगमध्ये गेले. मागची सीट एका बाजूला दबलेली होती. मी मागचे दार सताड उघडले. "उतरा," म्हणाले. दार तसेच ठेवून वर आले.

आज सकाळी जाऊन पाहिले...

दार आतून लॉक होते.