नेहमी राहणारी माणसं

आश्लेषाच्या पत्राला शशिधररावांनी उत्तर दिलं नव्हतं. एक महिना नाही, दोन महिने नाही, जवळजवळ पाच वर्षं! पत्र टोरांटोहून आलं होतं, दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, बायको सुमनला जाऊन नऊ महिने झाले होते तेव्हा. निळ्या शाईतलं, मोजून अकरा ओळींचं. मोजून म्हणजे खरोखरच मोजून, कारण मोजणं हाच त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. लंडनच्या दक्षिण टोकाला क्रॉयडनच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं त्यांनी माणसं मोजली होती. कुठल्या वस्तीत किती माणसं वाढतील, किती मुलं जन्मतील, कुठल्या शाळेत किती बाकं लागतील... उत्तर टोकाच्या स्टॅनमोरच्या घरून दीड तास जायला, दीड तास यायला. एवढं मोजणाऱ्या माणसाला त्या अकराव्या ओळीचं मात्र काय करावं ते कधी कळलं नाही.

"बाबा, एकच विचारते. शेवटी आईने मला बोलावलं होतं का? खरं असेल ते लिहा, नाहीतर लिहू नका."

लिहायला ते बसले नाहीत असं नाही. "चि. आश्लेषा, अनेक आशीर्वाद" इथपर्यंत पेन सुरळीत चाले आणि तिथेच अडे. 'हो' लिहावं तर मुलगी जन्मभर जळत राहील की आई बोलावत होती आणि मी नव्हते. 'नाही' लिहावं तर ते खोटं, आणि आईला आपली आठवणसुद्धा झाली नाही हे काळजात घेऊन ती जगेल. आणि 'हो'च्या पाठोपाठ 'मग मला आधी का कळवलं नाही' हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांचं तोंड बांधलेलं होतं... असे कितीतरी कागद त्यांनी फाडले. उत्तरासाठी म्हणून घेतलेली राणीच्या चित्राची तिकिटं टेबलाच्या खणात पडून पडून एक दिवस टपालखात्याने बाद केली, तरी उत्तर गेलं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ते जिन्यात अडकले.

झालं असं, की नात अन्वी बारावीच्या भूगोलासाठी एका मोठ्या शहराच्या वाढत्या लोकसंख्येवर प्रकल्प करत होती. तिने शहर निवडलं टोरांटो, कारण तिथे आत्या होती, आणि आत्याची मुलाखत फुकटात मिळत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती बसली होती. शशिधरराव चहाचा कप खाली ठेवायला म्हणून जिना उतरू लागले, आणि निम्म्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की लॅपटॉपचा कॅमेरा नेमका जिन्याकडे तोंड करून आहे. आणखी दोन पायऱ्या उतरलं की आश्लेषाला आपले पाय दिसणार. वर जावं तर पाचवी पायरी करकरते, सगळ्यांना ऐकू जाणार. ते जागच्या जागी उभे राहिले, रिकामा कप छातीशी धरून.

"सो आत्या, आमचा पहिली प्रश्न," अन्वी म्हणाली. "तू गेलीस तेव्हा तुझा एरिया कसा होता?"

"पहिला प्रश्न, बाळ," आश्लेषा हसली. तिचा आवाज थोडा जाड झाला होता. "दोन हजार सतरामध्ये आमची इमारत एकटीच होती गं. अडतीस मजले. खिडकीतून तळं दिसायचं, समुद्रासारखं. आता आजूबाजूला सात उभ्या राहिल्यात, आणि माझ्या खिडकीतून फक्त समोरच्या माणसाचा टीव्ही दिसतो."

"आणि पीपल?"

"लिफ्टमध्ये उभी राहिले तर पाच भाषा ऐकू येतात. शहरातली जवळजवळ निम्मी माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात आता भाजणीसुद्धा मिळते. सगळेच बाहेरून आलेले, त्यामुळे कोणी कोणाला 'परत कधी जाणार' असं विचारत नाही."

"पण माझ्या लिस्टमध्ये आहे ते. वुड यू मूव्ह बॅक?"

शशिधररावांनी कान कठड्याशी नेला.

"परत? कुठे?" आश्लेषा म्हणाली. "त्या घरात आईला सहा महिने कॅन्सर होता, अन्वी. सहा महिने! आणि मला कळलं ती हॉस्पिटलात शेवटच्या दोन दिवसांवर आली तेव्हा, करोनाने विमानं बंद झाल्यावर. तिचे अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. ज्या घराने मला धरलंच नाही, त्या घरात परत काय यायचं?... हे नको लिहूस हं तुझ्या प्रोजेक्टात."

स्वयंपाकघराच्या दारातून शशिधररावांचा मुलगा अंबरीश म्हणाला, "आशू, पुन्हा तेच नको. मी शंभरदा सांगितलंय तुला. बाबांनीच बजावलं होतं, तिला कळवायचं नाही म्हणून. मी काय करणार होतो?"

"तू काही करू नकोस, दादा. तू नेहमीच काही करत नाहीस."

शशिधररावांनी डोळे मिटून घेतले. मुलगा खोटं बोलत नव्हता. बजावलं होतं त्यांनीच. पण ज्या घरात पंचेचाळीस वर्षं काढली त्याच घराच्या जिन्यात चोरासारखं उभं राहून आपल्याच मुलांच्या तोंडून आपला न्याय ऐकायचा, आणि ना वर जाता येत, ना खाली... कोंडी कोंडी म्हणतात ती आणखी वेगळी काय असते!

इतक्यात वरदा ओले हात पुसत बाहेर आली. सुनेची नजर जिन्याकडे गेली, कपावर, सासऱ्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली. ती टेबलापाशी गेली आणि लॅपटॉप उचलून तिने त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"उजेड नीट येत नव्हता गं अन्वीच्या तोंडावर," ती आश्लेषाला म्हणाली. "हां, आता बोला."

ते वर गेले. पाचवी पायरी करकरली, पण वरदा तेवढ्यात मुद्दाम जोरात खोकली.

त्यांची खोली म्हणजे पुढच्या दाराच्या डोक्यावरची चिमुकली खोली. पलंग, टेबल, पुस्तकांची भिंत. दार पलंगाला अडायचं म्हणून निम्मंच उघडायचं. अर्ध्या तासाने त्या निम्म्या दारातून अन्वी आडवी होऊन आत आली.

"आजोबा, मला ओल्ड सेन्सस टेबल्स पाहिजे. लंडन व्हर्सेस टोरांटो. तुमच्या त्या हिरवी फाइलमध्ये आहेत ना?"

"खालच्या फळीवर बघ," ते म्हणाले. त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. असतं तर त्यांनी ती फाइल आपल्या हाताने काढून दिली असती.

कागद उलटता उलटता अन्वी थांबली.

"हे काय? हा तर आपला सेन्सस फॉर्मचा कॉपी आहे. दोन हजार एकवीस... 'या घरी नेहमी राहणारी माणसं'. तुम्ही, डॅड, मम, मी, आणि..." तिने वर पाहिलं. "आजोबा, हा राँग आहे. आत्या तर टोरांटोमध्ये होती."

शशिधररावांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

अन्वीने पुढचं पान उलटलं. आजोबांचंच नेटकं, गोल अक्षर. आश्लेषाची जन्मतारीख. नातं, मुलगी. मुख्य भाषा, मराठी. तब्येत कशी आहे, या प्रश्नापुढे पाच चौकटींपैकी पहिलीत खूण होती: खूप चांगली.

"तुम्ही सेन्ससमध्ये चीट केलात?" अन्वी हळूच म्हणाली. "तुम्ही? मला एक नंबर राऊंड ऑफ केला तरी तुम्ही ओरडता."

"मोजणीच्या कामात मी जन्मात एवढं एकच खोटं लिहिलं, अन्वी," ते म्हणाले. "दोन वर्षं वाटायचं, आता कोणी तपासनीस दारात येईल आणि विचारेल, ही पाचवी बाई कुठे आहे..."

"पण का?"

याचं उत्तर त्यांनी कधी स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं.

"फॉर्म आला तेव्हा तुझी आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं नाव लिहायचं नव्हतं, गेलेल्या माणसाला धरत नाहीत. तिच्या जागची ओळ मोकळी दिसायला लागली. आणि हॉस्पिटलात आम्हाला कोणाला आत सोडलं नव्हतं ना, तर शेवटच्या सकाळी नर्सने तिच्या कानाशी फोन धरला होता. मी इकडून 'सुमन, सुमन' करत होतो. ती मला म्हणाली, 'आशू आली वाटतं. दार उघडा हो. ती किल्ली विसरते नेहमी.' तिच्या लेखी आशू इथेच राहत होती. मग मी कोण तिला कमी करणारा..."

अन्वी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने आजोबांचा हात हातात घेतला. दाराच्या फटीत वरदा उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातातल्या चहावर साय धरली होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे आश्लेषाला कधी लिहिणार आहात?"

"कसं लिहू? मग ती विचारणार, आधी का नाही कळवलं. आणि ते मला..."

"आईंनी शपथ घातलीय. माहीत आहे मला."

शशिधरराव तिच्याकडे बघतच राहिले.

"मलाही घातली होती," वरदा म्हणाली. "तुम्हाला घातली त्याच आठवड्यात. माझ्यावर तेवढा विश्वास होता त्यांचा, तुमच्यावर पूर्ण नव्हता."

सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्यांच्यापुढे जशीच्या तशी उभी राहिली. रिपोर्ट हातात घेऊन सुमन याच पलंगावर बसली होती. "आशूला कळवायचं नाही," ती म्हणाली होती. "ती सगळं टाकून येईल. नोकरी जाईल, तिकडचे कायमच्या वास्तव्याचे कागद जातील, आणि एकदा आली की मला सोडून जायची नाही. मला ठाऊक आहे ना. याच खोलीत तुमच्या आईंचं करत मी अकरा वर्षं काढली. कधी बोलले नाही... पण माझ्या मुलीची अकरा वर्षं नकोत." "अगं, पण तिला राग येईल," ते म्हणाले होते. त्यावर सुमन चक्क हसली होती. "येणारच. तो तुमच्यावर येऊ दे. आईवरचा राग पोरींना जन्मभर पुरतो हो. माझं नाव मात्र घ्यायचं नाही. तुम्हाला राग झेपतो."

आणि त्यांनी तो झेलला होता. त्या अकरा वर्षांचं काही उतराई होणं असेल तर ते एवढंच, असं समजून मुकाट्याने झेलला होता.

"नाही झेपत तुम्हाला," वरदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच करकरीत होता. "पाच वर्षं बघतेय मी. तिचा फोन आला की तुम्ही वर येऊन बसता. जेवणं टाकता. आज तर जिन्यात... आईंना तिची अकरा वर्षं वाचवायची होती ना? त्यातली पाच तर गेलीच की रागात. उरलेली सहा पण घालवायची आहेत का?"

खाली पाचवी पायरी करकरली. अंबरीश वर आला होता. त्याने बरंच ऐकलं असावं. पुढे यायला त्या खोलीत जागा नव्हती. त्याने निम्म्या दारातून नुसता हात आत घातला आणि वडिलांच्या खांद्यावर ठेवला.

"आईने सांगितलं होतं?" त्याने शेवटी विचारलं. "आणि मी सगळीकडे तुमचं नाव सांगत फिरलो... बाबा, मला एकदा तरी बोलायचंत."

"तू आशूला सांगितलं असतंस."

"हो," अंबरीश म्हणाला. "सांगितलं असतं." आणि वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकता येईना म्हणून दाराच्याच कडेवर कपाळ टेकून पन्नाशीचा तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता शशिधरराव टेबलाशी बसले. या खेपेला पेन अडलं नाही.

"चि. आश्लेषा, अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. तू विचारलं होतंस, आईने बोलावलं होतं का. हो, बोलावलं होतं. नर्सने धरलेल्या फोनवर ती मला म्हणाली, 'आशू आली वाटतं. दार उघडा हो, ती किल्ली विसरते नेहमी.' ते तिचे शेवटचे शब्द. तुला आधी कळवू नका, असंही तिनेच सांगितलं होतं. तुला या घरात अडकवून ठेवायचं नाही म्हणून. तिचं नाव घेणार नाही असं वचन मी दिलं होतं, ते आज मोडतो आहे. तुला राग आला तर येऊ दे, पण आता निम्मा तिच्यावर आणि निम्मा माझ्यावर. सोबत एका फॉर्मची प्रत पाठवतो. त्यात मी तुझ्याबद्दल खोटं लिहिलं आहे. तब्येत खूप चांगली, अशी खूण केली आहे. तेवढी तरी खरी आहे का, ते कळव."

टपालाच्या खिडकीवर नवं तिकीट मिळालं. वरदा गाडीने सोडते म्हणाली होती, पण ते काठी टेकत चालतच गेले. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट अर्धं सरकवल्यावर मात्र हात थांबला. 'कळव' हे जरा हक्काने मागितल्यासारखं झालं का? 'निम्मा तिच्यावर' हे तिला थट्टेचं तर वाटणार नाही? परत नेऊन एकदा नीट...

मागे बाळाची गाडी घेऊन एक तरुण बाई पत्र टाकायला येऊन उभी होती. ती थोडा वेळ थांबली, मग तिने अदबीने विचारलं, "तुमचं झालं का?"

"हो," शशिधरराव म्हणाले, "झालं." आणि त्यांनी हात सोडला.