झाकलेला डाव

पटत नसेल तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

१९४४ सालच्या पौषातली एक दुपार. खानापूरच्या पूर्वेला, माळावरची धनगरांची वाडी. नाव सांगत नाही.

मी तिथला एकटा मास्तर. पहिल्याच आठवड्यात मोजदाद केली होती. माणसं दोनशे अकरा, मेंढ्या हजारावर, बोलण्याजोगं डोकं एक. माझं.

ती मोजदाद हरिबा धनगरानं चुकवली.

देवळाच्या ओट्यावर वाघबकरीचा पट कोरलेला होता. तीन काळे दगड वाघ, पंधरा पांढरे खडे बकऱ्या. वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. पाच बकऱ्या मारल्या की वाघ.

"आवं मास्तर, तुमी सरकारी मानूस, वाघ तुमी व्हा. बकऱ्या माज्या!"

शाळा सुटली की आम्ही बसायचो. खेळी करण्याआधी तो खडा दगडावर दोनदा आपटायचा.

टक्... टक्.

मध्येच विचारायचा, "पिरथिवी फिरती म्हनता, मग माजी मेंढरं सांजंला जाग्यावर कशी घावत्यात?"

रात्रभर मी उत्तर जुळवायचो. वर्षभरात एकही डाव जिंकलो नाही. इतका सुखात कधीच नव्हतो.

दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघाले. आमच्या डावात हरिबाची एकच खेळी उरली होती. वाघ कोंडल्यातच जमा. तेवढ्यात त्याला हाक आली.

"कोंडतो की आल्यावर," हरिबा डोळा मारून उठला. "तवर झाकून ठिवा."

अर्धा डाव मोडायचा नाही, ही तिथली रीत. मी वर बांबूची पाटी पालथी घातली.

आणि पौषातल्या त्या दुपारी, वर्गात बेरजा घेत असताना...

टक्... टक्.

धावत गेलो. ओटा रिकामा. पाटी जागच्या जागी.

उचलली...

एक बकरी सरकली होती. बाहेर कोरडं, लख्ख ऊन. पाटीला मात्र ओल्या लोकरीचा वास.

हरिबाची म्हातारी आई, बयाबाई, देऊळ झाडत होती.

"कुणी शिवलं याला?"

"आर्धा डाव हाय त्यो. कोन शिवल?"

मी वाघ हलवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्... टक्. पुन्हा एक खेळी.

घाबरायला हवं होतं. पण एकटा होतो हो. सोबत मिळाली, एवढंच कळलं.

खेळी मात्र विचित्र. वाघ कोंडायचं सोडून बकऱ्या नुसत्या पुढं-मागं फिरायच्या. मला वाटलं, गडी चुकतोय. दोन महिन्यांत चार मारल्या.

फाल्गुनात सांगलीची बदली आली. अर्ज मीच केला होता, हरिबा भेटण्याआधी. जाताना माझ्या नावावर एक तरी जीत हवी होती. पाचवी बकरी उघडी दिसली. मारली.

"हरलास, गड्या!" मोठ्यानं म्हणालो.

त्यानंतर आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी हरिबाचा भाऊ नाथाजी एकटाच परतला.

"पौषात गेला, मास्तर. नदी उतरताना भिजला, ताप भरला. शेवटाला म्हनला, मास्तरास्नी सांग, डाव मोडू नका. एकलं मानूस हाय ते."

तेव्हा कुठं कळलं. तो जिंकला असता, तर डाव संपला असता.

आता सांगलीत, विश्रामबागेत राहतो. विद्वान शेजारी पुष्कळ. फरशीवर खडूनं पट काढलाय. डाव अर्धा, खेळी हरिबाची. वर पाटी.

रोज संध्याकाळी उचलतो. कधीकधी ओल्या लोकरीचा वास येतो...

खडे हललेले नसतात.

तरी पाटी उचलण्याआधी मी जरा खोकतो. आत कुणी विचारात असलं, तर दचकायला नको.