मागच्या काचेचा वायपर

बसा गप. मध्ये खुसखुस केलीत तर उठून जाईन, आधीच दमलोय. आणि ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय हे.

तो गाड्यांचं वायरिंग करायचा. गॅरेज स्वतःचं, माणूस एकटा, कामं ढीगभर. एका गुरुवारी संध्याकाळी दातांचे एक डॉक्टर त्यांची वीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. म्हणाले, "विकायची नाही, मी चालवणारही नाही. पण मागचा वायपर चालू करून द्या." चेहरा पार उतरलेला.

मेव्हण्याला तो वायपर चांगला आठवत होता. चार महिन्यांपूर्वी याच वायपरची मोटर जाम होऊन सारखा फ्यूज उडत होता. यानं काय करावं? मोटरची तार कापली, वर टेप गुंडाळली आणि सांगितलं, "झालं काम." मागच्या वायपरला कोण विचारतं? आमच्या धंद्यात सर्रास चालतं हे, मीही केलंय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टर भर पावसात अंगणात गाडी मागे घेत होते. काच चिखलानं भरलेली, वायपर हलेना. मागे त्यांचे वडील उभे होते. गाडीखाली गेले बिचारे. "मीच नीट बघितलं नाही," असं म्हणत डॉक्टर झुरत होते, आणि खरं काय ते फक्त माझ्या मेव्हण्याला माहीत. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर झोप लागत नाही.

त्या गुरुवारी रात्री सव्वाअकराला त्यानं जुनी मोटर काढून टेबलावर ठेवली. बॅटरी आधीच सोडवलेली. शटर आतून बंद. पाठ भरून आली म्हणून जरा ड्रायव्हरच्या सीटवर टेकला. डोळा लागतोय, तोच...

खर्र.

त्यानं आरशात पाहिलं. मागच्या काचेवर वायपर फिरत होता. सावकाश.

खर्र...

पुसलेल्या काचेपलीकडे म्हातारा उभा. अगदी जवळ. रागावलेला नव्हता रे... दमलेला होता. नुसता बघत होता.

मेव्हण्यानं आरशावरची नजर हलवली नाही.

"आजोबा..."

खर्र...

"सांगतो. सकाळी सांगतो त्यांना."

वायपर थांबला. मागे कुणी नव्हतं.

एकट्यानं सांगायची छाती नव्हती, म्हणून पहाटेच मला बोलावून घेतलं. डॉक्टर आले. यानं कापलेली तार दाखवली, काही लपवलं नाही. डॉक्टर त्याच्याकडे वळले. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतात. पण ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. साडेतीन महिने अडकून राहिलेलं रडू होतं ते.

उठताना त्यांनी आधाराला टेबलावर हात टेकला, तो नेमका त्या मोटरवर. झटकन मागे घेतला. काय झालं म्हणून मीही बोट लावून पाहिलं.

रात्रभर सुटी पडलेली, तार नसलेली ती मोटर... चटका बसला मला.