बिशप हिलचे चार शनिवार

"इथेही बायकांची बाजू वेगळी? मग नागपूर सोडून आले कशाला मी!"

चर्चच्या बाकावर बसून अबोली स्वतःशीच पुटपुटली. स्वीडनहून आलेल्या भाविकांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी इलिनॉयच्या माळावर बिशप हिल हे गाव वसवलं होतं. शेत सगळ्यांचं, जेवणघर सगळ्यांचं... पण प्रार्थनेला पुरुष एकीकडे, बायका एकीकडे.

"सुरुवातीला तर लग्नालाही बंदी होती," पलीकडून मराठीत उत्तर आलं.

ती दचकलीच! भिंतीपाशी एकजण मोजायची टेप घेऊन बसला होता. केसांत चुन्याची धूळ, डोळ्यांत हसू.

"मी मोरेश्वर. कराडचा. अर्बानाच्या विद्यापीठात जुन्या इमारतींवर पीएचडी करतो. दर शनिवारी इथल्या भिंतींच्या भेगा मोजतो."

"फारच रोमँटिक!"

"भेग वाढली नाही की आमची दिवाळी," तो म्हणाला, आणि ती खळखळून हसली.

दोन-अडीच तासांवरच्या नेपरव्हिलहून ती एकटीच ड्राइव्ह करत आली होती, डोकं शांत करायला. कंपनीने तिची दूर ॲरिझोनात, चँडलरला बदली केली होती आणि व्हिसा कंपनीच्याच हातात. महिन्याभरात निघायचं होतं. हे मात्र ती त्याला बोलली नाही. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली, तशी दोघं बेकरीच्या ओसरीवर उभी राहिली. वेलदोड्याचा गरम पाव त्याने अर्धा तोडून दिला... मोठा अर्धा.

पुढच्या शनिवारी ती परत गेली. त्याच्या पुढच्याही. टेपचं एक टोक आता तिच्या हातात असे. आकडे लिहिताना तो चुकायला लागला.

चौथ्या शनिवारी तिने सांगून टाकलं, "सोमवारी मी चँडलरला चालले. कायमची."

तो टेप तिथेच टाकून बाहेर गेला. लाल झालेल्या मेपलच्या झाडाखाली ती त्याच्यामागे आली.

"रागावलात?"

"हो. चार शनिवार बोलली नाहीस तू."

तू! पहिल्यांदाच.

"बोलले असते तर... हे शनिवार असेच गेले असते?"

तो तिच्याकडे वळला. "डिसेंबरला माझी पीएचडी संपतेय. ॲरिझोनातही जुन्या मातीच्या इमारती आहेत. तिकडे अर्ज करू?"

"इमारतींसाठी?"

"तुझ्यासाठी, अबोली. इमारती पोटापुरत्या."

तिचे डोळे भरून आले. "कर," ती म्हणाली, "आजच कर!" आणि भर रस्त्यात तिने त्याचा हात धरला. मग दुसऱ्या हाताने नागपूरला फोन लावला.

"आई, झोपलीस? तो टेपवाला सांगते ना दर आठवड्याला... बोल त्याच्याशी."

तो "अगं!" म्हणेपर्यंत फोन त्याच्या कानाशी. "नमस्कार काकू... हो... हो, डिसेंबरमध्ये... अं?"

त्याचे कान मेपलहून लाल झाले.

"काय म्हणतेय आई?"

"विचारताहेत... लग्नाला डिसेंबरपर्यंत थांबायचं कशाला?"