उजव्या शिफ्टचं गुपित

“ऐयो! पुन्हा दोन दोन अक्षरं!”

महामहम तळ्याजवळच्या आपल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये रविशंकरने चमकून मान वर केली. इतका वेळ तमिळ बोलणारी मुलगी चक्क त्याच्या घरी बोलतात त्या मराठीत वैतागली होती!

“तुम्ही आमच्यातल्या काय?” त्याने विचारलं, आणि ती लाजून हसली. झालं, स्वारी तिथेच घायाळ.

पवित्रा तिचं नाव. सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाहून चारच्या गाडीने यायची. लहानपणापासून तिची बोटं किंचित थरथरत. एक बटण दाबावं तर ते दोनदा उमटे, शेजारचंही मध्ये घुसे. महिन्याभरात नोकरीची टायपिंग परीक्षा होती.

रविशंकरने वाकून कीबोर्डवर काहीतरी केलं. पीं! “आता करा... सावकाश.”

एकही जादा अक्षर आलं नाही.

“काय जादू केलीत?”

“त्याला सांगितलं, चुकून लागलेला धक्का मनावर घेऊ नको.”

“मलाही शिकवा की!”

“उद्या...”

तो उद्या काही उजाडेना. एकदा शिकली की ती इथे कशाला येईल? त्यापेक्षा रोज आपणच सोय लावून द्यावी, कॉफी मागवावी, आणि सांडू नये म्हणून तिचा पेला अर्धाच भरावा. पवित्राच्या ते लक्षात आलं होतं. 

परीक्षेला दोन दिवस उरले. “ही सोय लावायची परवानगी आहे म्हणे,” ती हळूच म्हणाली. “पण तिथं तुम्ही नसणार...”

रविशंकरला स्वतःचीच लाज वाटली. “उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरायचं. कॉम्प्युटर विचारेल, तेव्हा ‘होय’ म्हणायचं. एवढंच.” त्याने मान खाली घातली. “पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. तुम्ही येत राहावं म्हणून... नाही सांगितलं.”

तिने त्याच्याकडे बघितलं, शिफ्ट दाबून पाहिलं, आणि निघून गेली. कॉफी तशीच निवली.

बारा दिवस चारची गाडी आली नि गेली. खरं बोलून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला वाटू लागलं.

तेराव्या दिवशी ती दारात उभी!

“पास झाल्ये!”

“बेष!” तो धडपडत उठला. “मग... आता काय अडलं?”

“काही नाही अडलं.” ती खुर्ची ओढून बसली. “इतके दिवस अडलं म्हणून येत होत्ये. आज काही अडलं नाही, तरी आल्ये. कळतंय का तुम्हांला?”

त्याला कळलं. 

“शुक्रवारी तुमच्या आईंना घेऊन आमच्याकडे या,” ती म्हणाली. “घरी सांगून आल्ये मी.”

“शुक्रवारी?” रविशंकर कळवळला. “शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत हो!”