साक्षीची काच

कारखान्यातल्या पहिल्याच दिवशी मी उघड्या बोटानं लेन्स उचलली आणि मागून आवाज आला, "मॅडम, बोटाला रबरी टोपी घाला की. घामाचा डाग राहिला तर वरचा थर सुटतोय."

वळून बघितलं तर पांढरा कोट, पांढरी टोपी, तोंडावर मास्क... आणि मधे दोन डोळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते डोळे हसत होते.

तो गुरुशांत, अक्कलकोटकडचा, आमच्यासारखाच घरी कानडी बोलणारा. सोलापूरबाहेरच्या आमच्या छोट्याशा कारखान्यात दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर एक पातळ थर चढवतात. कोऱ्या काचेवरून थोडा उजेड मागे फिरतो, म्हणून तिच्यात आपलं तोंड दिसतं. थर चढला की उजेड मुकाट्यानं पलीकडे जातो. गुरुशांत हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये तो थर चढवायचा आणि मी तो तपासायची. चेंबर चालू असताना त्याला जागा सोडता येत नसे, त्यामुळे आमची जेवणाची सुट्टी कधी जुळलीच नाही. वर्ष होत आलं तरी त्याचं नाक कसं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं!

पण साक्षी होती. भिंगांच्या प्रत्येक घाण्याबरोबर साध्या काचेची एक चकती चेंबरमध्ये जाते, तिला आम्ही साक्षी म्हणतो. तिचा अर्धा भाग गुरुशांत फॉइलनं झाकायचा. मग थर चढलेली बाजू आणि कोरी बाजू शेजारी शेजारी ठेवून बघता येते. मी ती काळ्या मखमलीवर तिरकी धरायची. थराच्या बाजूला नुसती जांभळट झाक... आणि कोऱ्या बाजूला माझ्या पाठीमागचं चेंबर, नि चेंबरपाशी उभा असलेला तो.

खरं सांगते, तपासणी क्षणात व्हायची. बाकीचा वेळ मी त्यालाच बघायची. आमच्या सुपरवायझर शिवलीला मॅडम म्हणायच्या, "महेश्वरी, एवढ्या वेळात डाळ शिजली असती." मी मान खाली घालून अजून थोडं बघून घ्यायची.

मधे एकदा त्याच्या लॉकरवर शेंगाचटणीची पुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या मागून जाता जाता तो म्हणाला, "चटणी लई तिखट होती. करणाऱ्यावर गेली असंल." मी वळले नाही, पण दिवसभर मास्कच्या आत हसत होते.

मग जानेवारीत कळलं, त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. तो निघून जाणार, आणि मी काचेतल्या त्या इवल्याशा माणसाला काहीच बोललेली नसणार. रोज ठरवायची, आज बोलायचं. रोज साक्षी डबीत ठेवून घरी जायची.

त्याच्या शेवटच्या दिवशी शेवटचा घाणा निघाला. मी साक्षी मखमलीवर धरली आणि दचकले. जांभळट झाक कुठेच नाही. सगळ्या चकतीत लख्ख चेंबर, लख्ख तो. असली चूक त्याच्या हातून?

मी उठून त्याच्यापाशी गेले. "सगळीच झाकली तुम्ही. थरच नाही हिच्यावर."

"ठाव हाय. खरी साक्षी त्या डबीत हाय. ही तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी... कशाला?"

तो हातमोज्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. "अर्ध्या काचेत लई वाकून बघावं लागायचं तुमाला."

माझे कान तापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"काचेत मी तुमाला दिसतोय, तर तुमी मला दिसणार न्हाय व्हय?"

म्हणजे इतके दिवस मी चोरून बघत होते, आणि तो तिथूनच माझ्या डोळ्यांत बघत होता. मला हसावं की रडावं कळेना. "मग बोलला का नाही?"

"बोललो तर तुमी बघायचं सोडाल, असं वाटलं."

शिवलीला मॅडम खोकल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "उद्या संध्याकाळी गड्ड्याच्या जत्रेत या. मी आईबरोबर असेन."

दुसऱ्या दिवशी पाळण्यांच्या गर्दीतून एक मुलगा सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नाक थोडं बसकं, ओठांवर विरळ मिशी. डोळे मात्र माझ्या ओळखीचे होते. मधे काच नव्हती, म्हणून मला त्याच्याकडे बघवेना... आणि नजर काढवेना.

आईनं विचारलं, हा कोण?

"आई, हा गुरुशांत," मी म्हणाले. "उद्या बेंगळुरूला चाललाय. आणि मी याची वाट बघणार आहे."

शेवटी मी बोलले होते. त्यानं खाली वाकून आईच्या पायाला हात लावला. आईनं त्याला नीट न्याहाळलं, मग मला. आणि मग कानडीत त्याला विचारलं, जेवलास का.