हातावरचं दही

पन्नाशी उलटली तरी इंदूबाईंची कडाव गावाहून कर्जत, फार तर खोपोली, यापलीकडे एकटीनं जायची छाती नव्हती. पण सांगलीला लेकीचे, अक्षदाचे, दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, सासरी बाईमाणूस नाही. सोमवारी जाणं भागच होतं.

सून नम्रता कर्जतला तिकिटं काढून द्यायच्या दुकानात कामाला. तिनं सासूला मोबाईल शिकवला. तिकीट, नकाशा, आणि बोटानं पुढे सरकणारे ते रस्त्यांचे फोटो. अन् बाईंना अशी काही चटक लागली म्हणता! कालपर्यंत घाटाची धास्ती घेणारी बाई आता ओटीवर बसून विचारायची, "नमे, सांगलीच्या फुडं काय हाय गं?"

रविवारी दुपारी त्या म्हणाल्या, "आज सगळा रस्ता करून बगते. उद्या चुकायला नको."

"मग दही घ्या की हातावर," नम्रतानं थट्टा केली आणि खरंच त्यांच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं. निघणाऱ्या माणसाला देतात ते दही. घरात बसलेल्याला कोण देतं? बाईंनी ते चाटलं, देवाला हात जोडले, "येते गं" म्हणाल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

नम्रता मोरीत भांडी घासायला बसली. जरा वेळानं तापलेल्या ब्रेकचा वास आला, घाटात येतो तसा.

"आई, कुठवर पोचलात?"

"खंडाळा गेला." आवाज वाऱ्यातून यावा तसा तुटक.

ती हात पुसत बाहेर आली. पंखा बंद होता, पण बाईंचे केस विस्कटलेले. बोट सरकतच होतं.

"आई, पुरे आता. चहा टाकते."

तेवढ्यात नम्रताच्या फोनवर अक्षदाचा व्हिडिओ कॉल आला.

"वहिनी, आई पोचली गं. एक दिवस आधीच धाडलीस, बरं केलंस."

तिच्या मागे स्वयंपाकाच्या ओट्याशी इंदूबाई दूध तापवत होत्या. अंगावर हिरवं लुगडं, ओटीवरच्या बाईंच्या अंगावर होतं तेच.

नम्रतानं एकदा ओटीवर, एकदा फोनमध्ये पाहिलं. "आई, घरी या."

"आता कशाला? पोचले की मी," फोनमधल्या बाई हसल्या. "हितनं फुडं पन जाईन म्हनते."

कॉल बंद झाला.

ओटीवरच्या बाईंनी मोबाईल खाली ठेवला होता. त्या दाराकडं, तुळशीकडं, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बघत होत्या. नवख्या घरात बघतात तसं.

मग त्यांनी पदर सावरला.

"लय वेळ बसले गं बाय तुज्या घरी. निघते आता."

आणि तळवा पुढं केला. "दही घाल."